पहिल्या तासाला काय सांगायचं?

मानसोपचारासाठी वेळ घेऊन ठेवायची आणि आदल्या संध्याकाळी "जरा काम निघालंय" म्हणून ती रद्द करायची, असं करणारी माणसं पुष्कळ असतात. कारण विचारलं तर पैशाचं सांगतात, वेळेचं सांगतात, आणि ती कारणं खोटी नसतात. पण त्यांच्या मागे बहुधा एक भीती असते. तिथे गेलं की सगळं सांगावं लागणार. वीस-तीस वर्षं कुणापाशी न काढलेली गोष्ट एका अनोळखी माणसासमोर, तीही घड्याळ लावून, पहिल्याच दिवशी उघडी करावी लागणार. सिनेमांनी ही समजूत आणखी पक्की केली आहे. पडद्यावर नायिकेला एक नेमका प्रश्न विचारला जातो, ती ढसाढसा रडते आणि पुढच्या दृश्यात समुद्रकिनाऱ्यावर हसत फिरताना दिसते.

प्रत्यक्षात कसबी थेरपिस्ट पहिल्या तासाला ती गोष्ट उकरून काढतच नाही. कुणी घाईघाईने सांगू लागलं तर हळूच थांबवतेसुद्धा. ती का थांबवते, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

त्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते कुणा एका व्यक्तीचं नाही. अनेक घरांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून रचलेलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एक बाई. लहानपणी वडील दारू पिऊन आईला मारत. मुलीच्या अंगाला त्यांनी कधी हात लावला नाही, पण रात्री मोटारसायकलचा आवाज आला की ती दप्तर आवरून, धाकट्या भावाला घेऊन शेजारच्या काकूंकडे जाऊन बसे. पुढे लग्न 'चांगल्या घरी' झालं. नवरा पीत नाही, हात उगारत नाही. मनाविरुद्ध काही घडलं की मात्र दहा-दहा दिवस बोलत नाही. बाईंच्या पगाराचं एटीएम कार्ड त्याच्याकडे. माहेरी जायचं तर विचारून. बाईंची तक्रार या कशाचीच नाही. त्यांना ॲसिडिटी आहे, मान दुखते, झोप लागत नाही. एंडोस्कोपी झाली, थायरॉईड तपासून झालं. मुख्याध्यापकांनी आवाज चढवला की त्यांचे हात थरथरतात आणि पुढचं काही ऐकूच येत नाही. शेवटी फॅमिली डॉक्टरांनीच सुचवलं, "बाई, एकदा मनाच्या डॉक्टरांना भेटून या." त्यावर घरून सासूबाईंचा प्रश्न आला, "एवढं काय झालंय? भांड्याला भांडं लागतंच."

'एवढं काय झालंय' हा प्रश्न वैद्यकशास्त्रानेही बराच काळ विचारला. पहिल्या महायुद्धात खंदकांतून थरथरत परतलेल्या कित्येक सैनिकांना भित्रं ठरवण्यात आलं. व्हिएतनाम युद्धातून परतलेले अमेरिकी सैनिक आणि त्यांची बाजू घेणारे मानसोपचारतज्ज्ञ यांनी लावून धरल्यावर १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर', म्हणजे पीटीएसडी, हे निदान दाखल झालं. भयंकर प्रसंग संपल्यावरही तो पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, त्याची आठवण करून देणाऱ्या जागा आणि माणसं टाळणं, सतत सावध राहणं, दचकणं, झोप उडणं ही त्याची लक्षणं. मराठवाड्यातल्या वाचकांना ती वेगळी समजावून सांगायला नकोत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावं कोसळली, त्यानंतर पक्क्या छताखाली झोपायला घाबरणारी माणसं त्यांनी पाहिली आहेत.

पण किल्लारीच्या आघाताला तारीख आहे. बाईंच्या आघाताला तारीख नाही. ही अडचण अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२मध्ये 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या पुस्तकात नेमकी मांडली. जिथून सहज निघून जाता येत नाही अशा ठिकाणी, मग तो तुरुंग असो की घर, वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या धाकात राहिलेल्या माणसाला होणारी इजा ही एखाद्या अपघाताच्या इजेपेक्षा वेगळी असते, असं त्या म्हणाल्या. शास्त्राने हे अधिकृतपणे मान्य करायला आणखी पाव शतकाहून अधिक काळ घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२पासून लागू झाली. तिच्यात 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' हे स्वतंत्र निदान आहे. पीटीएसडीच्या लक्षणांबरोबर त्यात आणखी तीन गोष्टी पाहतात: भावना आवरता न येणं किंवा पार बधिर होऊन जाणं, आपण वाईट आहोत, कुचकामी आहोत असं मनात घट्ट बसलेलं असणं, आणि माणसांशी जवळीक टिकवता न येणं. यातली दुसरी गोष्ट सगळ्यांत चिवट. बाईंना विचारलं तर त्या सांगतील, "माझाच स्वभाव हळवा आहे हो."

लहानपणच्या अशा अनुभवांचा आणि पुढच्या आजारांचा संबंध लागला तो जवळजवळ अपघाताने. १९८०च्या दशकात अमेरिकेत सॅन डिएगो इथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी वजन कमी करण्याचा एक कार्यक्रम चालवत होते. वजन छान उतरत असतानाच काही जण कार्यक्रम सोडून का जात, हे त्यांना उमगेना. मुलाखती घेतल्या तेव्हा त्यांपैकी अनेकांच्या बालपणात लैंगिक अत्याचार निघाले. लठ्ठपणा हा काहींसाठी संरक्षक आडोसा होता. पुढे रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर त्यांनी सतरा हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास केला. १९९८मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बालपणी आलेल्या अशा अनुभवांचे प्रकार जितके जास्त, तितका नैराश्याचा, व्यसनाचा, अगदी हृदयविकाराचाही धोका जास्त, असं त्यात दिसलं. आईला मारहाण होताना पाहणं आणि घरात दारुडं माणूस असणं हे दोन्ही त्या यादीत आहेत. म्हणजे 'मला तर कधी हातही लावला नाही' हे बाईंचं म्हणणं खरं असलं तरी पुरेसं नाही. अर्थात हे हिशेब समूहाचे असतात. ते एखाद्या व्यक्तीचं भविष्य सांगत नाहीत, आणि इंटरनेटवर स्वतःला 'गुण' देत बसण्यात काही अर्थ नाही.

दुसऱ्या टोकाचंही सांगायला हवं, कारण हल्ली 'ट्रॉमा' हा शब्द चहात साखर जास्त झाली तरी वापरला जातो. जगभरातल्या सुमारे ७० टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी मोठ्या आघाताला सामोरं जावं लागतं. त्यांपैकी पीटीएसडी होतो तो साधारण ५.६ टक्क्यांना, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बहुतेक माणसं काही आठवड्यांत, घरच्यांच्या आणि मित्रांच्या आधाराने सावरतात. म्हणूनच निदानासाठी लक्षणं महिनाभराहून अधिक टिकलेली असावी लागतात. एके काळी दुर्घटना घडली की लगेच सगळ्यांना गोळा करून 'मन मोकळं करा' म्हणायची पद्धत होती. तिने पीटीएसडी टळत नाही, काहींना उलट त्रास होतो, असं अभ्यासांत दिसलं आणि ती मागे पडली. जबरदस्तीने बोलतं करणं हा उपचार नव्हे, ही समज यातूनही आली.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मेंदूच्या बाबतीत हे फार शब्दशः घडतं. मेंदूच्या आत ॲमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे; धोका ओळखून शरीराला सावध करण्यात त्याचा मोठा वाटा असतो. त्याला अचूकतेपेक्षा वेग महत्त्वाचा. मुख्याध्यापकांचा चढलेला आवाज आणि तीस वर्षांपूर्वीचा अंगणातला आवाज यांत तो फार फरक करत बसत नाही. छाती धडधडते, स्नायू आवळतात, पोट बिघडतं. प्रसंगाला 'तेव्हा' आणि 'तिथे' अशी जागा देणारा हिप्पोकॅम्पस आणि विचार करणारा पुढचा भाग अशा वेळी मागे पडतात. त्यामुळे 'अहो, ते फक्त रजिस्टर मागत होते' हे बाईंना कळतं, पण दहा मिनिटांनी. लढणं किंवा पळणं शक्य नसेल तेव्हा शरीर थिजतं. अत्याचाराच्या वेळी 'ओरडली का नाहीस' असं विचारणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. आपल्याकडे वकीलही हा प्रश्न विचारतात.

नात्यातल्या आघाताचा आणखी एक पेच असतो. ज्याची भीती वाटते, त्याच्यावरच अवलंबून राहावं लागतं. लहान मुलाला तर पर्यायच नसतो. मग ते सोपा मार्ग काढतं: बाबा वाईट नाहीत, मीच वाईट आहे. असा हिशेब केला की निदान चांगलं वागून परिस्थिती बदलता येईल, ही आशा तरी राहते. मोठेपणी नवऱ्याचा अबोला सुटतो त्या दिवशी बाईंना जो आनंद होतो तोही असाच. अधूनमधून, कधी ते सांगता न येणारं गोड वागणं माणसाला सततच्या गोड वागण्यापेक्षा जास्त बांधून ठेवतं. 'एवढा त्रास आहे तर सोडत का नाही?' या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे. दुसरं उत्तर एटीएम कार्डात आहे, आणि ते विसरून केलेलं मानसशास्त्र कामाचं नाही.

आता प्रश्न कुणाकडे जायचं हा. पाटीवर काय लिहिलंय ते नीट वाचावं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिॲट्रिस्ट, एमबीबीएसनंतर या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर; तो औषध लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तिचा क्रमांक विचारण्यात उद्धटपणा काही नाही. समुपदेशक मात्र मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं उत्तम काम करणारी व्यक्ती असू शकते, किंवा तीन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेली. या गटाला नियमांत आणण्याची तरतूद २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात आहे, पण पाटीवर 'समुपदेशक' लिहिलेलं असलं तरी मागे काय शिक्षण आहे ते आजही आपल्यालाच विचारावं लागतं. साधे प्रश्न पुरतात: शिक्षण काय, आघातावर काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, आणि तुमच्या कामावर कुणा ज्येष्ठाची देखरेख असते का. शेवटचा प्रश्न ऐकून जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नये.

आपल्याकडे समुपदेशनाचं आणखी एक रूप लोकांच्या डोक्यात बसलेलं आहे आणि त्याने फार घोळ होतो. पोलीस ठाण्यात किंवा कौटुंबिक न्यायालयात 'समुपदेशनाला पाठवलं' म्हणजे दोघांना समोरासमोर बसवून संसार जुळतो का ते पाहिलं, असा अनुभव असतो. तडजोड घडवणं हे तिथलं काम. थेरपी घरातल्या चार माणसांच्या पंचायतीची सुधारून वाढवलेली आवृत्ती नव्हे. तिथे तुमच्यासाठी बसलेली व्यक्ती फक्त तुमच्यासाठी बसलेली असते. जिथे मारहाण किंवा धाक चालू आहे तिथे तर जोडप्याला एकत्र बसवून बोलणं धोक्याचं. खोलीत जे बोललं जातं त्याचा हिशेब घरी चुकता होतो. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा शारीरिक हिंसेबरोबर मानसिक आणि आर्थिक छळालाही हिंसा मानतो, हे बाईंना कुणी सांगितलेलं नसतं. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्या जुन्या यंत्रणा आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. या शतकाच्या सुरुवातीला 'सेहत' ही संस्था आणि मुंबई महानगरपालिका यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र काढलं. 'पाय घसरून पडले' असं सांगत टाके घालून घ्यायला आलेल्या बाईला तिथेच विश्वासाने विचारणारं कुणी असावं, हा त्यामागचा विचार. माझ्या मते आपल्याकडच्या सार्वजनिक आरोग्यातली ही मोठ्या शहाणपणाची गोष्ट आहे.

पैशाचं बोलायचं तर शहरांतल्या खासगी थेरपीचा एक तास अनेकांच्या दिवसाच्या पगाराएवढा पडतो. ससून, केईएम, सायन, नायर अशा रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. तिथे केसपेपरच्या पैशात काम होतं, पण रांग मोठी आणि वेळ थोडा. तिथून निदान आणि औषध घ्यायचं आणि दीर्घ बोलणं एखाद्या संस्थेत कमी शुल्कात करायचं, असा मधला मार्ग पुष्कळ जण काढतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेल्या आयपीएचसारख्या संस्थांनी मराठी मध्यमवर्गाला मानसोपचाराच्या पायऱ्या चढायला शिकवलं, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

बाई आता त्या खोलीत बसल्या आहेत असं समजू. समोरची व्यक्ती डॉक्टर नसली तरी बाई तिला डॉक्टरच म्हणणार. आपल्याकडे सगळेच म्हणतात.

आधी कागद येतो. संमतीचा. मग गोपनीयतेचं सांगणं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. घरच्यांनी फोन करून 'काय म्हणत होती?' विचारलं तरी उत्तर मिळणार नाही, फी त्यांनी भरली असली तरी. पण या गोपनीयतेलाही कुंपण आहे, आणि ते पहिल्याच तासाला दाखवायचं असतं. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर थेरपिस्ट गप्प बसणार नाही. एखाद्या बालकावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर २०१२च्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं सगळ्यांवरच बंधनकारक आहे. थेरपिस्टला त्यातून सूट नाही. हे आधी सांगितलं की काय बोलायचं आणि कधी बोलायचं ते बाईंना ठरवता येतं.

मग बोलणं सुरू होतं.

"कशासाठी आलात, ते तुमच्या शब्दांत सांगा. वाटेल तेवढंच."

"झोप लागत नाही, डॉक्टर."

"कधीपासून?"

"तशी... लग्नाच्या आधीपासूनच म्हणा."

"लहानपणी घरात भीती वाटायची का? आज नुसतं हो किंवा नाही म्हणालात तरी चालेल. तपशील आत्ता नकोत."

बाई मान हलवतात आणि एकदम बोलू लागतात. मोटारसायकल, दप्तर, काकूंचं घर. श्वास वर चढतो, नजर कुठेतरी लागून राहते. इथे थेरपिस्ट थांबवते. पाय जमिनीला टेकलेत का, विचारते. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावते. खिडकीबाहेर काय ऐकू येतंय? एसटीचा हॉर्न. सकाळी काय शिकवलंत? अपूर्णांक. हे विषयांतर नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डॅनियल सीगल यांनी सांगितलं होतं की, प्रत्येकाला सहन होईल एवढ्या उत्तेजनेचा एक पट्टा असतो. त्याच्या वर गेलं की माणूस भीतीने वेढला जातो, खाली गेलं की बधिर होतो. दोन्हीकडे नवीन काही शिकता येत नाही. पहिल्या दिवशी सगळं सांगून टाकणारे पुष्कळ जण रात्री उलट्यापालट्या स्वप्नांनी हैराण होतात आणि दुसऱ्यांदा येतच नाहीत. म्हणून ते थांबवणं.

आणखी एक कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. बाईंच्या आयुष्यात कधी बोलायचं, किती बोलायचं, कधी गप्प बसायचं हे कायम दुसऱ्याने ठरवलं. आधी वडिलांच्या पावलांनी, मग नवऱ्याच्या अबोल्याने. "आज इथवर पुरे की आणखी थोडं?" असा प्रश्न त्यांना कुणी विचारला असेल तर तो बहुधा याच खोलीत, पहिल्यांदा. हर्मन यांनी बरं होण्याचे तीन टप्पे सांगितले: सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांत मिसळणं. सुरक्षिततेत दाराची कडी आली, पैसा आला, झोप आली आणि हा होकार-नकारही आला.

पहिल्या तासात आत्महत्येबद्दलही सरळ विचारतात. "मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे; विचारल्याने बहुतेकांना हायसं वाटतं. बाहेर पडताना मात्र हायसं वाटेलच असं नाही. थकवा येतो, डोकं जड होतं, कधी 'उगाच बोलले' अशी अपराधी भावना. घरचं बाहेर काढलं ना! त्या दिवशी पाहुणे बोलावू नयेत.

पुढचे काही आठवडे दिसायला फारच साधे असतात. श्वास सोडण्याची वेळ लांबवणं, झोपेच्या वेळा, थरथर सुरू होण्याआधी शरीर कोणती खूण देतं ते टिपून ठेवणं. कुणाला वाटतं, यासाठी का एवढे पैसे मोजतोय? पण मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये पाय जमिनीला टेकवून उभं राहता येणं ही बाईंच्या दृष्टीने छोटी गोष्ट नाही. औषधांची गरज काहींना लागते. नैराश्यावरची काही औषधं पीटीएसडीतही उपयोगी पडतात. झोपेच्या आणि 'टेन्शनच्या' गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून वर्षानुवर्षं घेणं मात्र घातक. त्यांची सवय लागते आणि मूळ आजाराला त्या हात लावत नाहीत.

त्यानंतर, ज्यांना हवं त्यांच्यासाठी, आठवणींचं काम. त्याच्या तपासून घेतलेल्या पद्धती आहेत. एका पद्धतीत ती आठवण सुरक्षित जागी, पुन्हा पुन्हा, क्रमाने सांगायची, म्हणजे भीती हळूहळू ओसरते. दुसरी ईएमडीआर: आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटामागे डोळे फिरवायचे. फ्रॅन्सिन शपिरो यांना १९८७मध्ये बागेत फिरताना ही कल्पना सुचली. डोळ्यांच्या हालचालीचा त्यात नेमका वाटा किती यावर अजून वाद आहे, पण उपचार म्हणून तिचा उपयोग होतो, आणि आघातावर केंद्रित सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारा उपचार, याबरोबर तिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्ये केली. तिसरी, साधारण बारा बैठकांची पद्धत, आघाताने मनात रुतून बसलेल्या विचारांशी झगडते. बाईंचा रुतलेला विचार असा निघतो: 'मी भावाला घेऊन पळाले. आईला एकटीला टाकून.' थेरपिस्ट त्यावर "असा विचार करू नका" म्हणत नाही. ती विचारते, "तेव्हा कितवीत होतात?"

"पाचवीत."

"तुमच्या वर्गातली पाचवीतली मुलगी काल रात्री अशी पळाली असं कळलं, तर तिला काय म्हणाल?"

बाई बराच वेळ काही बोलत नाहीत. मग म्हणतात, "शाबास म्हणेन. भावाला वाचवलंस."

इथे एक सावधगिरी. मराठी समाजात विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा, म्हणजे अल्बर्ट एलिस यांच्या आरईबीटीचा, चांगला प्रसार झाला आहे. कि. मो. फडके यांच्यासारख्यांनी ती इथे रुजवली. रोजच्या चिंता-संतापावर ती गुणकारी आहेच. पण आघात सोसलेल्या माणसाला दुसऱ्याच भेटीत 'तुमचा विचार अविवेकी आहे' असं ऐकवलं, तर त्याला तो आणखी एक ओरडाच वाटतो. पद्धत कोणतीही असो, ती कधी काढायची याला महत्त्व आहे.

सगळ्यांत अवघड भाग खोलीबाहेर घडतो. बाई नाही म्हणू लागतात. आधी क्षुल्लक बाबतीत, मग एटीएम कार्डाच्या बाबतीत. घर हादरतं. "थेरपीने बिघडवली हिला," असं म्हणणाऱ्यांचं निरीक्षण एका अर्थी खरंच असतं, कारण घरातला तोल बाईंच्या गप्प बसण्यावर उभा होता. नातं तोडा किंवा टिकवा, हे थेरपिस्ट सांगत नाही. सांगत असेल तर तिचं चुकतंय. कुणी वेगळं होतं, कुणी त्याच घरात वेगळ्या अटींवर राहतं, कुणाचा नवरा स्वतः उपचाराला तयार होतो. वडील म्हातारे झालेले असतात, दिवाळीत फराळाला बोलावतात, "झालं गेलं गंगेला मिळालं" म्हणतात. क्षमा करायची की नाही हा बाईंचा प्रश्न. ती केल्याशिवाय बरं होता येत नाही, हे मात्र खरं नाही. उलट, हवं होतं तसं बालपण मिळालं नाही आणि आता मिळणारही नाही, याचं रडू येऊन गेल्याशिवाय पुढे सरकणं कठीण जातं.

या टप्प्यावर एकाच खोलीत राहून भागत नाही. दारुड्या माणसासोबत जगलेल्यांना तसंच जगलेली माणसं भेटली की जे होतं ते कोणताही तज्ज्ञ करू शकत नाही. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉनच्या सभा मराठीतही होतात. पुण्यात १९८६पासून चालू असलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णाइतकंच त्याच्या घरच्यांकडेही लक्ष दिलं.

थेरपिस्टशी जुळत नाही असं वाटलं तर? तीन-चार भेटींनंतर तिलाच सांगून पाहावं. थेरपिस्टशी जमलेलं नातं हा उपचाराचा परिणाम ठरवणारा मोठा घटक असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, आणि 'तुमचं हे मला खटकलं' असं न घाबरता म्हणता येणं हीच अनेकांसाठी पहिली कमाई असते. जी व्यक्ती स्वतःची दुखणी सांगत बसते, रात्री मेसेज करून जवळीक साधते, अमुक भेटींत बरं करण्याची हमी देते, जुन्या जखमेसाठी तुमच्या पत्रिकेतला ग्रह शोधते किंवा छळणाऱ्याला न विचारता खोलीत आणून बसवते, तिच्याशी मात्र चर्चा करू नये. उठून यावं.

आणि सुरुवात करायची तर आजही करता येते. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. घरात जिवाला धोका असेल तर आधी ११२ किंवा महिलांसाठीचा १८१. काय सांगायचं ते ठरत नसेल तर "मला झोप लागत नाही" एवढंच सांगा. पुढचं विचारणं त्यांचं काम आहे.